दहा फुटांतली वीज

ट्रेलरच्या छतातला दिवा लागला तेव्हा देवरी तालुक्यातल्या चिचगडमध्ये नुकतंच अंधारून आलं होतं. धानाची कापणी आटोपत आलेली, हवेत तणसीचा वास आणि ताईच्या अंगणात आम्ही उभा केलेला दहा फुटांचा, दोन चाकांचा ट्रेलर. जीपच्या मागे जोडून इटियाडोह धरणाच्या काठाला किंवा नवेगावबांधला मुक्कामी जायचं, म्हणून भाऊजींनी तो हौसेनं बांधून घेतलेला. वायरिंग माझ्याकडे होतं. बटण दाबलं आणि प्लायवूडच्या भिंती पिवळसर उजेडानं भरून गेल्या. भाची लगेच खाली वाकून ट्रेलरचा तळ बघायला लागली. घराकडून येणारी एकही वायर तिला दिसेना.

"मामा, घरातला करंट खांबावरून येतो. हा कुठून आला?"

घरात आपण बटण दाबतो, तेव्हा त्या बटणामागचं जग शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं: वीज केंद्र, मनोरे, उपकेंद्र, रोहित्र, खांब. ते एका नजरेत कधीच मावत नाही. ट्रेलरमध्ये मात्र हे सगळं दहा फुटांत येतं. वीज तयार करणारं पॅनल छतावर, साठवणारी बॅटरी बाकाखाली, वाहून नेणारी वायर भिंतीच्या कडेनं, राखण करणारा फ्यूज डबीत आणि दिवा डोक्यावर. हात पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पर्श करता येईल एवढंच हे जग. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा फिरत्या घरांबद्दल बोललं जाऊ लागलंय. पण मला त्यातल्या प्रवासापेक्षा त्यातल्या विजेचंच जास्त कौतुक वाटतं. कारण ही वीज बघता येते, मोजता येते आणि तिचा पाठलाग करता येतो.

देवरी तालुक्यातल्या मुलीला वीज समजावताना उदाहरण लांबून आणावं लागत नाही. गोंदिया-भंडारा हा तलावांचा मुलूख. कोहळी समाजानं बांधलेले मोठे तलाव आणि शेताशेताच्या वरच्या अंगाला खोदलेल्या बोड्या. पावसाचं पाणी बोडीत अडवायचं आणि पावसानं ओढ दिली की पाटानं खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, सोडायचं. आमची बॅटरीही बोडीच आहे. दिवसा ऊन अडवायचं, रात्री सोडायचं. व्होल्ट म्हणजे बोडीतलं पाणी बांधीपेक्षा किती उंचावर आहे ते. अँपिअर म्हणजे पाटातून किती पाणी वाहतंय ते. घरातल्या २३० व्होल्टच्या मानानं ट्रेलरचे १२ व्होल्ट म्हणजे फार बुटकी बोडी. उंची जवळजवळ एकोणीस पटींनी कमी. बाकी सगळ्या गोष्टी या बुटकेपणातून निघतात.

आधी बोडीत डोकावू. आमची बॅटरी शिशाची आहे, ट्रॅक्टरला किंवा घरच्या इन्व्हर्टरला असते त्या जातीची. तिचा शोध गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये लावला. शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटू न देता गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले, एवढीच त्याची रचना. १८८१ मध्ये कामिय फोर यानं पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची ताकद खूप वाढवली. दीडशेहून जास्त वर्षं उलटली तरी आतली किमया तीच आहे. एका पट्टीवर साधं शिसं, दुसरीवर शिशाचा चॉकलेटी रंगाचा ऑक्साइड. बॅटरी वापरली जाते तसं दोन्ही पट्ट्यांवर एकच पदार्थ बसू लागतो, लेड सल्फेट, आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं. चार्ज करताना हे सगळं उलटं फिरतं. पट्ट्या पुन्हा वेगळ्या होतात, अ‍ॅसिड पुन्हा दाट होतं.

हे दाट-पातळ होणं डोळ्यांना दिसतं. बॅटरीवाल्याकडे काचेची नळी असते, वर रबरी फुगा आणि आत एक तरंगता काटा. फुगा दाबून नळीत थोडं अ‍ॅसिड ओढलं की काटा तरंगतो. बॅटरी भरलेली असेल तर काटा वर येतो, आकडा १.२६ ते १.२८ च्या आसपास. म्हणजे हे अ‍ॅसिड पाण्याच्या सव्वापटीहून थोडं जड. बॅटरी उतरली की काटा बुडतो आणि आकडा १.१२ च्या घरात येतो. साठवलेला उजेड मोजायला इथे तरंगणारी काडी पुरते! भाचीनं हा प्रयोग चष्मा आणि हातमोजे घालून तीनदा करायला लावला.

पण शिशाच्या या डब्यात याहून मोठं नवल आहे. एका कप्प्यातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात, असे सहा कप्पे जोडले की १२.६. शिसंच का? आवर्तसारणीत शिशाच्या थेट वर कथिल बसतं, गुणधर्मांत त्याचं सख्खं भावंड. मग कथिलाची अशी बॅटरी का होत नाही? याचं उत्तर २०११ च्या सुरुवातीला राजीव आहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड करून दाखवलं. शिशाच्या अणुगर्भात ८२ प्रोटॉन असतात. एवढ्या जबर ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्के वेगानं फिरतात. या वेगाला रोजचे नियम पुरत नाहीत, आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या काही कक्षा गर्भाकडे आक्रसतात आणि ऑक्साइडमधलं शिसं इलेक्ट्रॉनांसाठी फार भुकेलं होतं. त्या भुकेचा जोर म्हणजेच बॅटरीचा व्होल्टेज. या संशोधकांच्या हिशेबानं २.१ पैकी सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट निव्वळ सापेक्षतावादाच्या परिणामातून येतात.

तो परिणाम नसता, तर सहा कप्प्यांची आमची बॅटरी जेमतेम दोन-अडीच व्होल्टची झाली असती. दिवा लागला नसता, जीपचा सेल्फ फिरला नसता. आइनस्टाइनचं नाव घेतलं की कृष्णविवरं आणि तारे आठवतात. तो देवरीच्या बाजारात मिळणाऱ्या बॅटरीतही आहे. हे मी वाचलं त्या दिवसापासून कुठलाही ट्रॅक्टर सुरू होताना ऐकला की मला थांबावंसं वाटतं.

आता शिशाला एक तरुण जोडीदार मिळालाय, लिथियम आयर्न फॉस्फेट. अक्षय पाढी यांनी टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत त्यावर काम केलं आणि १९९७ मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. या जातीच्या एका सेलमधून ३.२ व्होल्ट येतात, चार जोडले की १२.८. वजन शिशाच्या निम्म्याहूनही कमी. शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत राहिलं तर तिचं आयुष्य घटतं. लिथियमची ही जात मात्र बरीच खोलवर वापरता येते. आम्ही शिशावर थांबलो, कारण ती दुरुस्त करणारा हात इथे सहज मिळतो. ट्रेलरमध्ये ती हवेशीर कप्प्यात ठेवावी लागते, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि कोंडलेल्या हायड्रोजनला एक ठिणगी पुरते.

बोडी भरणारा पाऊस म्हणजे छतावरचं पॅनल. सिलिकॉनच्या चकतीवर ऊन पडलं की वीज निघते, हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं २५ एप्रिल १९५४ रोजी जगाला करून दाखवलं. एका चकतीतून अर्ध्या व्होल्टच्या आसपासच मिळतं. म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीसाठीच्या पॅनलमध्ये साधारण छत्तीस चकत्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. भाचीनं बोट ठेवून मोजल्या, बरोबर छत्तीस भरल्या. छत्तीस चकत्या मिळून भर उन्हात अठरा व्होल्टच्या आसपास काम करतात. पाणी उतारानंच जातं, म्हणून पॅनलचे व्होल्ट बॅटरीपेक्षा उंच ठेवायचे. मधला चार्ज कंट्रोलर म्हणजे बोडीचं दार. भरली की दार बंद, रात्री पाणी उलटं वाहू द्यायचं नाही.

आता खर्च. पाच वॉटचे तीन दिवे पाच तास लावले, तर ७५ वॉट-तास. पंधरा वॉटचा पंखा आठ तास, १२०. दोन मोबाइल मिळून ३०. एकूण २२५ वॉट-तास, म्हणजे वीजबिलावरच्या एका युनिटच्या पाव हिश्शाहूनही कमी. दोन हजार वॉटचा गीझर एवढी वीज सात मिनिटांच्या आत संपवतो. पण हीच २२५ वॉट-तास ऊर्जा अंगमेहनतीत मोजा. धानाचं चाळीस किलोचं पोतं उचलून सरळ वर न्यायचं म्हटलं, तर एवढ्या ऊर्जेत ते दोन किलोमीटरहून उंच जाईल. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं. म्हणजे समुद्रकाठावरून पोतं उचलून कळसूबाईच्या माथ्यावर न्यायचं आणि तरी ऊर्जा शिल्लक. आपण एका रात्री तीन दिवे, एक पंखा आणि दोन फोन चालवतो, त्यामागे इतकी हमाली आहे. ती ऊन करतं, म्हणून आपल्याला तिचा भार जाणवत नाही.

शंभर अँपिअर-तासाच्या शिशाच्या बॅटरीत १२०० वॉट-तास असतात, त्यातले निम्मे बिनघोर वापरायचे. म्हणजे ऊन अजिबात पडलं नाही तरी अडीच रात्री निघतात. पडलं तर हिवाळ्यातल्या एका स्वच्छ दिवसात शंभर वॉटचं पॅनल रात्रीचा सगळा खर्च भरून काढतं.

हा हिशेब जमतो तो एलईडीमुळे. जुन्या तारेच्या बल्बला एवढ्याच उजेडासाठी सात-आठ पट वीज लागली असती, आणि त्यातली बहुतेक उष्णतेत गेली असती. लाल एलईडी १९६२ पासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा हवा होता. तो साधायला आणखी तीस वर्षं गेली. ते करून दाखवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. दिवा बंद असताना त्याच्या पट्टीकडे जवळून पाहिलं तर पिवळे ठिपके दिसतात. खालचा दाणा निळा उजेड देतो, वरचा पिवळा लेप त्यातला काही भाग पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. लेप दाट असेल तर उजेड पिवळसर. जंगलाजवळच्या मुक्कामाला हा पिवळसर उजेडच बरा, कारण निळसर उजेडाकडे किडे जास्त झेपावतात.

बुटकेपणाची किंमत वायरीत मोजावी लागते. एखादा छोटा फ्रिज ६० वॉट घेतो असं धरू. घरातल्या २३० व्होल्टवर त्याला पाव अँपिअर पुरतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला पाच अँपिअर वाहावे लागतात. बॅटरी पुढे, फ्रिज मागे आणि वळणं घेत वायर पाच मीटर. जाऊन-येऊन दहा. घरात दिव्यांना वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकली तर वाटेतच सुमारे ०.६ व्होल्ट खर्च होतात. घरात कुणाच्या लक्षातही आला नसता असा आकडा, पण इथे बारापैकी ०.६ म्हणजे वीस हिश्शांतला एक. चार एमएमची वायर टाकली की तोच तोटा ०.२ वर येतो. बोडी बुटकी असेल तर पाट रुंद हवा, हे धान लावणाऱ्याला सांगावं लागत नाही. भाऊजींना मी हा हिशेब सांगितला, तर ते म्हणाले, "म्हणजे पाट उथळ झाला की खालच्या बांधीला पाणी पोचत नाही, तसंच ना?" अगदी तसंच.

आणि बुटकी आहे म्हणून बोडी निरुपद्रवी नाही. १२ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही. पण प्लस आणि मायनस थेट जुळले, तर हीच बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते, वायर लाल होते आणि प्लायवूडचं घर पेटू शकतं. म्हणून प्लसच्या अगदी जवळ, वाटेत दुसरं काही यायच्या आत, फ्यूज. गाडीतला पात्याचा फ्यूज उजेडासमोर धरून बघावा. रंगीत पारदर्शक प्लास्टिक, दोन पाय आणि त्यांना जोडणारी धातूची नाजूक वळलेली पट्टी. लाल असेल तर १० अँपिअर, निळा असेल तर १५, पिवळा असेल तर २०. त्याहून बराच जास्त प्रवाह गेला की ती पट्टी वितळते आणि वाट तुटते. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी आहे असा समज असतो. तो वाचवतो वायरीला, आणि वायरीच्या शेजारी झोपलेल्या माणसांना.

भाचीचा पुढचा प्रश्न वेगाचा होता. बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो, म्हणजे करंट किती जोरात धावत असेल? कागद घेऊन बसलो. हिशेब सोपा जावा म्हणून सहा वॉटचा दिवा धरला, म्हणजे अर्धा अँपिअर, आणि दीड एमएमची वायर. तांब्याच्या एका घनमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन किती, हे ठाऊक आहे. भागाकार केला तर वेग आला तासाला नऊ सेंटीमीटर! संध्याकाळी सहाला बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन सकाळी सहापर्यंत जेमतेम एक मीटर सरकलेला असतो. दहा फूट ओलांडायला त्याला दीड दिवस लागेल. आपण रात्रभर ज्या उजेडात बसलो, त्या दिव्यापर्यंत बॅटरीतला एकही इलेक्ट्रॉन पोचलेला नव्हता.

मग दिवा लागला कसा? पाट आधीपासूनच काठोकाठ भरलेला होता. वायरीच्या कणाकणात इलेक्ट्रॉन ठासून भरलेले असतात. बटण दाबलं की त्यांना ढकलणारा जोर प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पसरतो आणि वायरीच्या दोन्ही टोकांचे इलेक्ट्रॉन जणू एकदमच हलू लागतात. दिव्यातले इलेक्ट्रॉन दिव्यापाशीच होते. त्यांना हलायला वाट मोकळी हवी होती, एवढंच.

इथवर बोडीचा दाखला कामाला आला. एका ठिकाणी मात्र तो थांबतो, आणि विजेचं खरं मर्म तिथेच आहे. ते मला पुस्तकानं शिकवलं नाही, आमच्याच एका चुकीनं शिकवलं.

रस्त्यावर निघायचं तर ट्रेलरला मागचे दिवे लागतातच. टेल लॅम्प, ब्रेक लाइट, इंडिकेटर. हे आम्ही जुन्या तारेच्या बल्बचे बसवले होते आणि सात पिनांच्या प्लगनं जीपला जोडले होते. निघायच्या आदल्या दुपारी तपासायला बसलो. भाऊजी जीपमध्ये, मी मागे. "डावा इंडिकेटर द्या," मी ओरडलो. जीपमधून टिक-टिक ऐकू आली, पण डावा इंडिकेटर काळाच. आणि त्याच तालावर शेजारचा लाल टेल लॅम्प लुकलुकायला लागला, ज्याचं बटण कुणी दाबलंच नव्हतं. हातानं सावली करून पाहिलं तर उजव्या टेल लॅम्पच्या आतही तांबूस तार पुसटशी उजळत-विझत होती. आम्ही प्लग उलगडला, सातही वायरी तपासल्या. सगळ्या जागच्या जागी.

दोष जाणाऱ्या वायरीत नव्हता, परतीच्या वायरीत होता. आम्ही प्रत्येक बाजूच्या टेल लॅम्पचा आणि इंडिकेटरचा मायनस एका स्क्रूनं ट्रेलरच्या लोखंडी सांगाड्याला जोडला होता. गॅरेजमध्ये ज्याला बॉडी अर्थ म्हणतात, ते. डाव्या बाजूचा स्क्रू मी घाईत रंगावरच आवळला होता. रंगातून वीज जात नाही. इंडिकेटरमधून आलेल्या प्रवाहाला परत जायला रस्ता उरला नाही. मग त्यानं दुसरा शोधला. शेजारच्या टेल लॅम्पच्या तारेत तो उलट्या बाजूनं शिरला, तिच्या वायरीनं मागे गेला, उजव्या दिव्यातून आणि जीपच्या मागच्या दिव्यांतून उतरला आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बॅटरीकडे परतला. इतका वळसा घालताना जोर टेल लॅम्पच्या बारीक तारेतच संपला. इंडिकेटरच्या जाड तारेला उजळण्याइतकं काही मिळालंच नाही.

बोडीतलं पाणी बांधीत उतरतं, धान ते पितं, उरलेलं जमिनीत मुरतं. ते बोडीत परत आलं नाही तरी चालतं. विजेचं तसं नाही. दिवा वीज पीत नाही. जितका प्रवाह दिव्यात शिरतो, तितकाच, अगदी कणभरही कमी न होता, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो. दिवा घेतो तो फक्त उंचीवरून उतरण्याचा जोर. आणि परतायची वाट नसेल तर वीज निघतच नाही, बॅटरी कितीही भरलेली असो. आपण वायरिंग करताना सगळं लक्ष प्लसवर देतो. त्याला फ्यूज लावतो, त्याची जाडी मोजतो, त्याला लाल रंग देतो. काळ्या वायरीला मिळेल तिथे टेकवून मोकळे होतो. पण दिव्यासाठी दोघींचं मोल सारखंच आहे.

धानानं भरलेल्या ट्रॉल्या रात्री महामार्गावर चालतात, त्यांतल्या कितीतरींना मागे दिवाच नसतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती काळी भिंत फार उशिरा दिसते. कुणाला वाटतं बल्ब गेला, कुणाला वाटतं वायर तुटली, आणि पाहू उद्या म्हणून राहून जातं. बऱ्याचदा दोष गंजलेल्या एका स्क्रूत असतो आणि तो दहा मिनिटांत निघतो. ट्रॉली ज्यांच्या घरी आहे, त्यांनी एवढं जरूर करावं. कुणाला तरी घेऊन दिवे लावून बघावेत, अर्थचा स्क्रू सोडवावा, खालची जागा घासावी आणि मागच्या फळीवर लाल परावर्तक पट्टी चिकटवावी.

आम्ही तेच केलं. भाचीनं पॉलिश पेपर घेतला आणि स्क्रूभोवतीचा रंग घासायला लागली. आधी निळा रंग गेला, मग तांबडा प्रायमर, मग गंजाची पूड. शेवटी रुपयाएवढं लोखंड चांदीसारखं लख्ख दिसलं. दातेरी वायसर घातला, लग बसवला, स्क्रू आवळला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. "द्या," ती जीपकडे तोंड करून ओरडली.

डावा इंडिकेटर नारिंगी उजळला. टेल लॅम्प आता शांत होता.